बिल करताना दुकानदार मोबाईल नंबर का मागतात? एका नंबरची किंमत ती काय?
नुसत्या नंबरात वडापावही येणार नाही. त्याला तुमची खरेदी चिकटली की भाव चढतो. मागे ठाण्यात गोखले रोडला दुपट्यांचं बिल करताना बायकोने नंबर दिला. आठवड्याभरात डायपर, विमा, प्लेस्कूल, सगळ्यांचे मेसेज हजर. दुपटी भाचीच्या बाळासाठी होती! जाहिरातदार पैसे मोजतो ते 'या घरात बाळ आलंय' एवढ्या अंदाजाचे, आणि स्क्रीनवर तुम्ही थबकता त्या दोन सेकंदांचे. फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटा कंपनीचा 2023 चा महसूल सुमारे 135 अब्ज डॉलर, जवळजवळ सगळा जाहिरातींचा.

बाकी सक्ती नाही. नंबरासाठी अडून बसू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्येच दुकानदारांना सांगितलंय. मी सरळ "नंबर नाही देणार" म्हणतो. काउंटरवरची मुलगी दहा वेळा नऊ दाबते, बिल निघतं.