प्रॉक्समॉक्समध्ये स्वतःचं बटण घालायचंय, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न असा, की अंबडच्या कारखान्यात प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, ट्रेनी मुलांना एका क्लिकवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर, द्यायचंय, तर त्याच्या वेब पॅनलमध्येच बटण घालावं का. मी इथे सातपूरला एका ट्रेनिंग लॅबसाठी हेच काम करतो, म्हणून स्पष्ट सांगतो: पॅनलच्या फाइलींना हात लावू नका. त्या पॅकेजचा भाग आहेत, पुढचं अपग्रेड आलं की तुमचं बटण गायब. बाहेर स्वतःचं साधं वेबपेज करा आणि एपीआय, म्हणजे कोडमधून सर्व्हरला हुकूम द्यायची सोय, वापरा. ते पॅनलसुद्धा 8006 पोर्टवरच्या त्याच एपीआयवर चालतं.

रूटचा, म्हणजे सगळे हक्क असलेल्या खात्याचा, पासवर्ड कोडमध्ये नको. 6.2 आवृत्तीपासून एपीआय टोकन आहेत, म्हणजे पासवर्डऐवजी कोडला द्यायची वेगळी किल्ली. पासवर्डने लॉगिन केल्यावर मिळणारं तिकीट दोन तासांत संपतं, टोकनमध्ये ती कटकट नाही. यूजर वेगळा काढा आणि प्रिव्हिलेज सेपरेशन (टोकनचे हक्क यूजरच्या हक्कांपासून वेगळे ठेवणं) चालूच ठेवा. मात्र मग यूजरला दिलेले हक्क टोकनलाही वेगळे द्यावे लागतात, आणि नवे लोक नेमके इथेच अडकतात. टेम्प्लेटवर, म्हणजे नमुना मशीनवर, क्लोनचा (त्याची नक्कल काढायचा) हक्क दिला, स्टोरेजवर जागा घेण्याचा राहिला, तरी नकारच येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्लोनची विनंती पाठवली की लगेच उत्तर येतं: 'यूपीआयडी'ने सुरू होणारी एक लांबलचक ओळ. ही फक्त पावती आहे, मशीन अजून तयार व्हायचंय. कोडने तेवढ्यावर मशीन चालू करायला घेतलं, तर ते लॉक असल्याचा एरर येतो. म्हणून ती यूपीआयडी घेऊन टास्कची स्थिती दर एक-दोन सेकंदांनी विचारत राहा. 'स्टॉप्ड' आलं म्हणजे काम थांबलं, जमलं की नाही ते एक्झिट स्टेटसमध्ये कळतं. तिथे 'ओके' असेल तरच पुढे जा. माझ्या मते या बटणाची खरी मेहनत याच भागात आहे आणि ती मन लावून करावी.

मशीनच्या नंबरकडेही लक्ष द्या. एपीआय पुढचा मोकळा नंबर सांगतो, पण तो राखून ठेवत नाही. आमच्याकडे बॅच सुरू होताना दोन सर एकदमच बटण दाबतात, दोघांना तोच नंबर मिळतो आणि दुसऱ्याचा क्लोन फसतो. तेव्हा नवा नंबर घेऊन पुन्हा प्रयत्न करणारा कोड आधीच लिहून ठेवा. क्लोन चालू असताना लाइट गेली तर मशीनवर लॉक तसाच राहू शकतो. तो आपोआप काढू नका, माणसाने बघूनच काढावा.

सर्व्हर खरा आहे ना हे बघणारी सर्टिफिकेट तपासणी कोडमध्ये बंद करून मोकळं व्हायचा मोह होईल, पण सर्व्हरचं रूट सर्टिफिकेट कोडला देणं फार अवघड नाही.

पायथन उघडण्याआधी सर्व्हरच्या टर्मिनलवर 'पीव्हीईएसएच' (एपीआयचे कॉल करणारी प्रॉक्समॉक्सची कमांड) वापरून हेच कॉल हाताने करून बघा. आणि प्रयोग कारखान्याच्या चालू सर्व्हरवर नकोत. एका व्हर्च्युअल मशीनमध्ये दुसरं प्रॉक्समॉक्स बसवता येतं, तिथे हवं ते मोडा. हक्कांपाशी अडलात तर कोणत्या मार्गावर (मशीन, स्टोरेज वगैरेंच्या पाथवर) कोणता रोल, म्हणजे हक्कांचा संच, दिलाय ते इथे लिहा, मी बघतो.