त्वचेचे प्रश्न: मुरूम समजून रोझेशियावर उपचार होतात तेव्हा

प्रश्न: वय ३८. गाल आणि नाक सतत लालसर असतं, त्यावर पुळ्या येतात. मुरमांचा फेसवॉश, स्क्रब, सॅलिसिलिक ॲसिड सगळं वापरून झालं, पण नुसती आग वाढली. ओळखीतल्या एकीने सुचवलेलं क्रीम लावलं की दोन-तीन दिवसांत चेहरा साफ होतो आणि थांबवलं की आधीपेक्षा जास्त बिघडतो. हे मुरूमच आहेत ना?

उत्तर: वर्णन रोझेशियाचं वाटतं, म्हणजे चेहऱ्यावर लाली आणि पुळ्या आणणाऱ्या, वरचेवर उसळणाऱ्या त्वचेच्या आजाराचं. चांगल्या उजेडात आरसा अगदी जवळ धरून पाहा. मुरमांमध्ये पुळ्यांच्या आजूबाजूला ब्लॅकहेड्स सापडतात, रोझेशियात ते नसतात. पुळ्या गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मधला भाग अशा पट्ट्यात येतात, आणि ऊन, वाफ, गरम पेय, तिखट, मद्य किंवा राग यांनी चेहरा तापतो. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. तिथे चुरचुर, गरमपणा आणि कसलंही क्रीम न सोसणं यावरून अंदाज येतो. लालीबरोबर सांधे दुखत असतील, तोंडात फोड येत असतील किंवा ताप असेल तर ल्युपससारखा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा) आजार आहे का, हे आधी तपासून घ्या.

आता त्या क्रीमची ट्यूब उलटी करून घटक वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आक्रसतात आणि दाह दबतो, म्हणून चेहरा झटपट साफ दिसतो. महिनोन्‌महिने लावलं तर त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या कायमच्या फुगतात आणि त्वचेवर एरवीही राहणाऱ्या डेमोडेक्स या सूक्ष्म किड्यांचं फावतं. क्रीम थांबवल्यावर उसळणारी लाली काही आठवडे छळते. बहुतेक जण नेमके तेव्हाच घाबरून पुन्हा ट्यूब उघडतात आणि चक्र नव्याने सुरू होतं. बरेच दिवस तीव्र स्टेरॉइड लावलं असेल तर ते कसं सोडायचं हे त्वचारोगतज्ज्ञाला विचारा. कधी सौम्य स्टेरॉइडवर उतरवत आणतात, कधी सोबत टॅक्रोलिमस (दाह कमी करणारं, स्टेरॉइड नसलेलं मलम) किंवा गोळ्या देतात.

पहिला उपचार म्हणजे चेहऱ्यावरून गोष्टी कमी करणं. स्क्रब, टोनर, लिंबू, अल्कोहोल, मेन्थॉल, कापूर, सुगंधी क्रीम हे सगळं बंद. सौम्य, साबणरहित क्लिन्झर बोटांनी लावा, कोमट पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका. त्यावर बिनवासाचं मॉइश्चरायझर. सकाळी एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं, झिंक ऑक्साइड वा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीन. मात्रा म्हणजे चेहरा आणि मान मिळून दोन रेघा, प्रत्येक रेघ एका बोटाच्या लांबीएवढी, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. नवीन काहीही आणलं की आधी दोन-तीन दिवस जबड्याखाली लावून बघा.

प्रश्न: डॉक्टरांनी ॲझेलेइक ॲसिड १५ टक्के जेल दिलं आहे. लावताच मुंग्या चावल्यासारखं होतं. बंद करू का?

उत्तर: लगेच नको. सुरुवातीचे काही आठवडे चुरचुर अपेक्षितच असते. बऱ्याचदा ओलसर चेहऱ्यावर लावल्याने ती वाढते. धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, आधी मॉइश्चरायझर, मग पातळ थर जेल. एक दिवसाआड रात्री सुरू करून सोसेल तसं दिवसातून दोनदापर्यंत न्या. सूज आली, साल निघू लागली किंवा आग थांबेचना, तर मात्र जेल थांबवून डॉक्टरांना दाखवा.

तरीही जमलं नाही तर पर्याय आहेत. आयव्हरमेक्टिन १ टक्का क्रीम दिवसातून एकदा लावतात: कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गाल, प्रत्येकी मटारच्या दाण्याएवढं. ते सहसा कमी चुरचुरतं. मेट्रोनिडाझोलचं क्रीम किंवा जेलही चालतं. कुठलंही असो, फरक दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि पूर्ण परिणामाला साधारण तीन महिने. दोन आठवड्यांत औषध बदलणाऱ्यांना कुठलंच औषध लागू पडत नाही. गरोदरपणाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण त्यावरून औषधाची निवड बदलते.

प्रश्न: पुळ्या गेल्या, पण नाकाच्या बाजूच्या लाल रेषा जात नाहीत. लाली घालवणारं ब्रिमोनिडीन जेल घेऊ का?

उत्तर: त्या रेषा म्हणजे कायमच्या फुगलेल्या रक्तवाहिन्या. पुळ्यांच्या क्रीमने त्या जात नाहीत. पल्स्ड डाय लेझर (रक्तवाहिन्यांवर काम करणारं लेझर) किंवा आयपीएलने (तीव्र प्रकाशाच्या झोतांनी) फिकट होतात. सहसा अनेक बैठका लागतात, आणि पुढे नव्या रेषा येऊ शकतात. सावळ्या त्वचेवर डाग पडण्याचा धोका असतो, तेव्हा तशा त्वचेचा अनुभव असणाऱ्याकडेच जा.

ब्रिमोनिडीन फक्त पसरट लालीवर चालतं. अर्ध्या तासात चेहरा उजळतो आणि साधारण बारा तासांत परिणाम ओसरतो. काहींना मात्र ओसरताना पूर्वीपेक्षा भडक लाली येते. त्यामुळे लग्नाच्या सकाळी पहिल्यांदा लावण्याचा बेत नको. आधी घरी असताना छोट्या भागावर पाहा.

प्रश्न: डोळेही खुपतात, वाळू गेल्यासारखं वाटतं. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

उत्तर: आहे. रोझेशिया पापण्यांच्या कडांवरच्या तेलग्रंथींना गाठतो, कधी चेहऱ्यावर लाली दिसण्याआधीच. स्वच्छ कापड कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवा, मग पापणीची कड हलक्या हाताने पुसा. कापड थंड झालं की पुन्हा बुडवा. त्याने शेक फक्त पापण्यांनाच लागेल असं पाहा, कारण गालांना तोच शेक बाधतो.

डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं तर गोळी पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, बसून घ्या आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. दूध, लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीच्या गोळ्या त्याच वेळी नकोत, त्याने औषध नीट शोषलं जात नाही. या गोळ्यांवर असताना ऊनही जास्त बाधतं. गरोदरपणात त्या देत नाहीत.

डोळा दुखला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा.