उत्क्रांतीवर संशोधन करणारा जनुकशास्त्रज्ञ श्रद्धाळू असू शकतो का?

तुम्ही विचारलंय की ज्याने आयुष्यभर उत्क्रांतीवर काम केलं, अशा जनुकशास्त्रज्ञाला देवाधर्मात मनापासून रस असणं शक्य आहे का, आणि तसं कोणी होऊन गेलंय का. होऊन गेलंय, आणि तेही अगदी पहिल्या फळीतलं: थिओडोसियस डॉबझान्स्की. मी जनुकशास्त्र शिकवतो. लोकसंख्येच्या पातळीवर जनुकं कशी बदलतात, हा विषय वर्गात काढला की डॉबझान्स्कींचं नाव घेतल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही.

त्यांचा जन्म १९०० सालचा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या आणि आजच्या युक्रेनमधल्या नेमिरिव्हचा. मूल व्हावं म्हणून आईवडिलांनी संत थिओडोसियसला साकडं घातलं होतं, म्हणून मुलाचं नाव तेच ठेवलं. लहानपणी फुलपाखरं जमवायचा नाद, पुढे लेडीबर्ड भुंगेऱ्यांचा. कीवला शिक्षण, लेनिनग्राडला काही वर्षं नोकरी, आणि १९२७ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला जनुकशास्त्रज्ञ टॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत. नंतर ते अमेरिकेतच राहिले.

मॉर्गन यांच्याकडच्या फळमाश्या पिढ्यानपिढ्या बाटल्यांत वाढलेल्या. डॉबझान्स्कींचा पिंड मात्र रानात भुंगेरे गोळा करणाऱ्याचा. त्यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागातली ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा ही रानटी माशी धरली. या माश्यांच्या तिसऱ्या गुणसूत्रातला एखादा तुकडा कधीकधी उलटा बसलेला असतो. अळीच्या लाळग्रंथी काचपट्टीवर दाबून रंगवल्या की गुणसूत्रावरच्या आडव्या पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसतात. जोडीतल्या एका गुणसूत्रात तुकडा सुलटा आणि दुसऱ्यात उलटा असेल, तर पट्टीला पट्टी जुळवण्यासाठी त्या जागी दोघं मिळून एक वेटोळं घालतात. विद्यार्थ्याला हे पहिल्यांदा दाखवताना मला अजूनही तितकाच आनंद होतो.

आधी डॉबझान्स्कींना वाटत होतं की तुकडा सुलटा असला काय नि उलटा असला काय, माशीला त्याचा फरक पडत नसावा. पण कॅलिफोर्नियातल्या सॅन हासिंटो डोंगरावर महिन्यामागून महिने माश्या पकडल्यावर दिसलं की मार्च ते जूनमध्ये एक प्रकार घटतो नि दुसरा वाढतो, आणि उन्हाळा सरता सरता चित्र पालटतं. हेच प्रकार त्यांनी पिंजऱ्यांत वाढवले. २५ अंश सेल्सिअसला प्रमाण बदलत जाऊन एका जागी स्थिरावलं, गारव्यात ते हललंच नाही. ज्या नैसर्गिक निवडीला युगं लागतात असं लोक समजत होते, ती एका वर्षाच्या आत डोळ्यांसमोर चालू होती.

त्यांच्या श्रद्धेचं मूळ मला इथेच दिसतं. ते ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन होते. सृष्टी एकदाच घडवून हातावेगळी झाली, ही कल्पना त्यांना पटणं शक्य नव्हतं, कारण ती घडत असताना त्यांनी स्वतः मोजली होती. १९७३ च्या एका लेखात त्यांनी सरळ लिहिलं की मी निर्मितीही मानतो आणि उत्क्रांतीही, कारण उत्क्रांती हीच ईश्वराची किंवा निसर्गाची निर्मितीची रीत आहे. उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्रातल्या कशाचाच अर्थ लागत नाही, हे सतत उद्धृत होणारं वाक्य त्याच लेखाचं शीर्षक. गंमत अशी की ते वाक्य नास्तिकांच्या बाजूने पुष्कळदा वापरलं जातं आणि लेखात ईश्वर आहे हे विसरलं जातं.

त्या लेखातला युक्तिवाद माश्यांवरच उभा आहे. कॅरिबियन बेटांवर एक फळमाशी आहे, तिची अळी जमिनीवरच्या एका खेकड्याच्या तोंडाजवळच्या झापेखाली, उत्सर्जनाच्या खाचेतच वाढते. कॅलिफोर्नियात दुसऱ्या एका माशीची अळी खनिज तेलाच्या डबक्यात राहते. प्रत्येक जात स्वतंत्र आराखड्यानुसार घडवली असेल तर हे नुसते विक्षिप्त चाळे ठरतात. मोकळी जागा सापडेल तिथे जीव शिरतो आणि टिकतो, हे मानलं की उलगडा होतो. शिवाय जीवाश्म, गर्भाची वाढ, प्रथिनांमधली साम्यं हे सारं उत्क्रांतीकडे बोट दाखवत असताना ती झालीच नाही म्हणायचं, तर पुरावे पेरून माणसाला फसवल्याचा आळ ईश्वरावरच येतो. श्रद्धावान माणूस म्हणून त्यांना याची चीड होती, आणि ती चीड मला अगदी रास्त वाटते.

पोथीनिष्ठा त्यांना सत्तेचीही चालत नसे. सोव्हिएत संघात सत्तेचा वरदहस्त लाभलेल्या लायसेन्को या कृषितज्ज्ञाने जनुकशास्त्र मोडीत काढायला घेतलं, तेव्हा त्याचं लिखाण किती पोकळ आहे ते सगळ्यांना दिसावं म्हणून त्यांनी स्वतः त्याचं इंग्रजी भाषांतर केलं.

एक भाग मला पटत नाही. जेझुइट पाद्री आणि जीवाश्मतज्ज्ञ तेयार द शार्दँ यांच्यावर त्यांचा फार जीव. उत्क्रांती एका अंतिम बिंदूकडे निघाली आहे, असं तेयार म्हणत. डॉबझान्स्कींच्या स्वतःच्या माश्या तर कुठल्याच ठरलेल्या दिशेने जात नव्हत्या. तेयार यांच्या लिखाणातलं 'चाचपडणं' म्हणजे नैसर्गिक निवडच, असा अर्थ लावून त्यांनी मेळ घातला. मला तो ओढूनताणून वाटतो. या प्रश्नांवर १९६७ मध्ये त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिलं.

त्यांची श्रद्धा चारचौघांसारखी होती असंही समजू नका. त्यांचे विद्यार्थी फ्रान्सिस्को आयाला, जे जनुकशास्त्राकडे वळण्यापूर्वी डॉमिनिकन पाद्री होते, त्यांनी लिहिलंय की डॉबझान्स्की धार्मिक होते, पण माणसासारखा ईश्वर आणि मरणोत्तर जीवन या गोष्टी बहुधा ते मानत नसत. तेव्हा 'श्रद्धाळू' म्हणजे पारंपरिक अर्थाने सगळं मानणारा, असं तुम्हाला विचारायचं असेल तर हे उदाहरण अर्धंच लागू पडेल.

वाचायचं झालं तर आधी १९७३ चा लेख वाचा. तो शिक्षकांसाठी लिहिलेला आहे, छोटा आहे, आणि जनुकशास्त्र शिकलेलं नसलं तरी समजतो. १९६७ चं पुस्तक त्यानंतर घ्या. त्यात तेयार यांच्यावर एक आख्खं प्रकरण आहे, तिथे तुमचं मत माझ्याहून वेगळं झालं तर खाली जरूर लिहा.