पेटीतली वही आणि अनुदानाचा अर्ज

प्रश्न : आम्ही डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतले. पुनर्विकासासाठी आमची इमारत रिकामी होणार आहे. त्याआधी जुन्या माणसांच्या मुलाखती घ्याव्यात, चाळीचा इतिहास लिहावा, प्रदर्शन भरवावं, असं आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या मनात आहे. फोटो बरेच आहेत. गावकरी मंडळाच्या जुन्या वह्यांची एक पेटीही माळ्यावर आहे. अशा कामाला अनुदान मिळतं का? अर्ज कसा लिहायचा? आमच्यात इंग्रजीत लिहिणारं कुणी नाही.
– एक वाचक, ना. म. जोशी मार्ग

उत्तर : पेटीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात. माझ्या मते तुमचा अर्ज तिथूनच सुरू व्हायला हवा.

वीस वर्षांपूर्वी मी माझा पहिला अर्ज लिहिला तेव्हा विषय दिला होता ‘गिरणगावचा समग्र इतिहास’. १८५६ साली ताडदेवला पहिली गिरणी सुरू झाली तिथपासून थेट मॉलपर्यंत. अर्ज परत आला. सोबत एवढंच विचारलं होतं, की हे काम कोण करणार आणि किती दिवसांत. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वाईट वाटलं, पण प्रश्न रास्त होता.

पुढे परळच्या एका गावकरी खोलीतली, म्हणजे एकाच गावचे गिरणी कामगार मिळून भाड्याने राहायचे त्या खोलीतली, वही हातात आली. लांबट, लाल कापडाच्या बांधणीची. डाव्या बाजूला गाळेकऱ्यांची नावं, पुढे महिन्यांची घरं. खोलीभाडं, गावच्या शाळेची कौलं, कुणाच्या तरी मयताचा खर्च, सगळं एकाच हस्ताक्षरात. १९८२च्या पानावर जानेवारीचं घर भरलेलं होतं. १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. फेब्रुवारीपासून नावांपुढे फक्त ‘बाकी’, ‘बाकी’, ‘बाकी’. खाली तीन नावांवर काट मारून ‘गावी गेले’ लिहिलेलं. त्या एका पानावरून मी दुसरा अर्ज लिहिला : या वहीतली जी माणसं हयात आहेत त्यांना शोधायचं, वही त्यांच्यासमोर ठेवायची आणि ते काय सांगतात ते टिपायचं. बारा मुलाखती, दहा महिने. तो अर्ज मंजूर झाला.

तेव्हा अर्जाला बसण्याआधी पेटी उघडा. दोन मुलाखती आताच करा, साध्या मोबाईलवर. बीडीडीच्या मूळच्या २०७ इमारती, प्रत्येकीत ८० खोल्या, १६० चौरस फुटांचं घर, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातल्या एका खोलीत गिरणीतल्या पाळीप्रमाणे कोण कुठे झोपायचं, हे फक्त तुमच्या मजल्यावरची माणसं सांगू शकतात. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात तेच यायला हवं.

आता पैसे कोण देतं ते. बेंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स भारतीय भाषांतले प्रस्ताव घेतं, म्हणजे मराठीत लिहा. मात्र त्यांचा भर कलांवर आहे. तुमच्या चाळीत नमन, शक्ती-तुरा यांसारख्या कोकणातल्या लोककला, भजनाच्या बाऱ्या होत असतील तर तो धागा खरोखरच धरता येतो. ओढूनताणून मात्र आणू नका. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून, म्हणजे सीएसआरमधून, वारसा जतनाला पैसे देता येतात. २०१३च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत तसं आहे. पण त्यासाठी नोंदणीकृत संस्था लागते, तिने सरकारकडे सीएसआर-१ हा नोंदणीचा अर्ज भरलेला असावा लागतो आणि तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. परदेशी पैशाला एफसीआरएखाली, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, मंजुरी लागते. त्या वाटेला आत्ता जाऊच नका.

इथे बरीच मंडळं फसतात. वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयातून कलम ४१ क खाली जी परवानगी मिळते ती तात्पुरती असते, ती न्यासाची, म्हणजे ट्रस्टची, नोंदणी नव्हे. तुमचं मंडळ कशात बसतं हे कागद काढून आजच बघा. न्यास नसेल तर नव्या नोंदणीत वेळ घालवण्यापेक्षा एखाद्या जुन्या वाचनालयाला किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला सोबत घ्या. करारात एक वाक्य ठामपणे घाला : मूळ वह्या आणि फोटो चाळीच्या मालकीचे, संस्थेकडे फक्त प्रती.

अंदाजपत्रकात लोक कॅमेरा लिहितात आणि उतरवून काढण्याची मजुरी विसरतात. तासाभराची मुलाखत कागदावर आणायला पाच-सहा तास लागतात. मालवणी बोलणं, वर पंखा, मागे भांड्यांचा आवाज असला तर त्याहून जास्त. हे काम चाळीतल्याच मुलामुलींना द्या आणि त्याचे पैसे द्या. फुकट करून घेऊ नका. संपानंतर गावी गेलेल्यांपर्यंत पोचायला एसटीचं भाडंही धरा.

आणि लेखी संमती. संपाच्या काळात कुणी मंगळसूत्र गहाण टाकलं, कुणी गुपचूप कामावर गेलं, हे लोक तुमच्यावरच्या विश्वासाने सांगतील. एका मावशींनी मला तासभर सगळं सांगितलं आणि जिन्यापर्यंत सोडायला आल्यावर म्हणाल्या, “बाय, ह्यातलं माझ्या सुनेला कळता नये.” ती मुलाखत मी आजवर कुणाला ऐकवलेली नाही. काय प्रदर्शनात येईल, काय बंद राहील आणि ते कोण ठरवणार, हे अर्जातच लिहा. अनुदान देणारे ते बारकाईने वाचतात.

पैसे यायला कित्येक महिने लागू शकतात, तुमची इमारत कदाचित त्याआधी रिकामी होईल. म्हणून येत्या रविवारी पेटी माळ्यावरून खाली काढा. वह्या उन्हात घालू नका, प्लॅस्टिकमध्ये तर अजिबात बांधू नका, आतल्या आत दमट होतात. कोरड्या फडक्याने धूळ पुसा, खिडकीच्या उजेडात प्रत्येक पानाचा फोटो काढा, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि प्रत्येक गाठोड्यावर खोली नंबर लिहा. सामान हलवताना ती पेटी टेम्पोत टाकू नका, कुणीतरी मांडीवर घेऊन जा.