जर्मन विद्यापीठातील नोकरी आणि आपली पदवी

प्रश्न : माझे एम.एस्सी. (रसायनशास्त्र, २०१०) पुणे विद्यापीठाचे असून पीएच.डी. २०१६ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून झाली आहे. जर्मनीतील विद्यापीठांत संशोधक म्हणून आणि पुढे जमल्यास प्राध्यापक म्हणून काम करण्याची इच्छा आहे. पुण्यातील एका सल्लागाराने ‘आधी पदवीला जर्मन सरकारची मान्यता घ्यावी लागेल’ असे सांगून त्यासाठी साठ हजार रुपये मागितले आहेत. ही मान्यता खरोखर आवश्यक आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हे पैसे देऊ नका. सल्लागार ज्या अर्थाने ‘मान्यता’ हा शब्द वापरत आहेत, त्या अर्थाची मान्यता विद्यापीठातील अध्यापनासाठी जर्मनीत घ्यावी लागत नाही. वैद्यकीय व्यवसायासारख्या, कायद्याने नियंत्रित असलेल्या क्षेत्रांत शासकीय परवानगीशिवाय काम करता येत नाही, आणि म्हणून रुग्णांवर उपचारही करावे लागणाऱ्या वैद्यकीय अध्यापकाला तो परवाना लागतो. रसायनशास्त्र हे तसे क्षेत्र नाही. तुमची पीएच.डी. पुरेशी आहे की नाही, हे ज्या विभागात जागा आहे तेथील प्राध्यापक आणि निवड समिती ठरवतात, आणि ते ठरवताना प्रमाणपत्रावरील शिक्क्यापेक्षा तुमचे शोधनिबंध आणि शिफारसपत्रे त्यांच्या दृष्टीने अधिक मोलाची असतात.

पदवीच्या तुल्यतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो निवडीनंतर, विद्यापीठाच्या कर्मचारी विभागात. शासकीय विद्यापीठांतील संशोधकांचा पगार राज्यांच्या वेतन करारानुसार ठरतो आणि पीएच.डी.नंतरच्या संशोधकाला साधारणतः ‘ई १३’ ही श्रेणी मिळते. पण या श्रेणीसाठी एम.एस्सी.च्या पातळीचे पूर्ण विद्यापीठीय शिक्षण लागते, आणि परदेशी पदवी त्या पातळीची आहे याचा पुरावा कर्मचारी विभाग मागू शकतो. अनेकांना याचे आश्चर्य वाटते, पण येथे पीएच.डी.पेक्षा तुमच्या एम.एस्सी.च्या प्रमाणपत्राची तपासणी अधिक बारकाईने होऊ शकते. म्हणून ती कागदपत्रे, सर्व सत्रांच्या गुणपत्रिकांसह, आजच एकत्र करून ठेवा.

पहिली तपासणी तुम्ही घरी बसून, विनाशुल्क करू शकता. ‘आनाबिन’ ही जर्मन शासनयंत्रणेची माहितीसूची संकेतस्थळावर खुली आहे. ती जर्मन भाषेत आहे, परंतु भाषा न येणाऱ्यालाही थोड्या चिकाटीने वापरता येते. तिच्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी पाहायच्या असतात आणि पुष्कळ जण पहिलीवरच थांबतात. पहिली गोष्ट संस्थेची : विद्यापीठाच्या नावापुढे ‘एच प्लस’ असेल तर ते मान्यताप्राप्त समजले जाते, ‘एच प्लस-मायनस’ असेल तर प्रकरणानुसार विचार होतो. दुसरी गोष्ट पदवीची : तुमची पदवी जर्मनीतील कोणत्या पदवीच्या बरोबरीची धरली आहे, हे वेगळ्या विभागात दिलेले असते. ‘एंटश्प्रिश्ट’ (अनुरूप) किंवा ‘ग्लाइशवेर्टिश’ (समतुल्य) असा शेरा असेल तर काळजीचे कारण नाही.

ही नोंद शोधताना महाविद्यालयाचे नाव शोधू नका. आपल्याकडे शिक्षण संलग्न महाविद्यालयात झाले तरी पदवी विद्यापीठ देते, आणि जर्मन अधिकाऱ्यांच्या दृष्टीने तेच पदवी देणारे असते. तुमच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. पुणे विद्यापीठाचे नामांतर २०१४ मध्ये झाले, त्यामुळे तुमच्या दोन प्रमाणपत्रांवर दोन नावे आहेत. कागद तपासणाऱ्या जर्मन कर्मचाऱ्याला ती दोन वेगळी विद्यापीठे वाटणे स्वाभाविक आहे. विद्यापीठाकडून नामांतराविषयीचे पत्र घेऊन ते अर्जासोबत जोडा. मुंबई विद्यापीठाचे १९९६ पूर्वीचे, किंवा मराठवाडा विद्यापीठाचे १९९४ च्या नामविस्तारापूर्वीचे पदवीधर असलेल्या वाचकांनाही हीच सूचना लागू आहे.

आनाबिनमध्ये पदवी सापडली नाही, किंवा कर्मचारी विभागाने अधिकृत कागदच मागितला, तर बॉन येथील परदेशी शिक्षणविषयक मध्यवर्ती कार्यालयाकडून ‘त्सॉयग्निसबेवेर्टुंग’ म्हणजे पदवीमूल्यांकनाचे प्रमाणपत्र घ्यावे. त्याचा अर्ज स्वतः ऑनलाइन करता येतो आणि शुल्क दोनशे युरोंच्या आसपास असते. सल्लागाराने मागितलेली रक्कम याच्या जवळजवळ तिप्पट आहे, आणि तरीही तो कोणतेही वेगळे काम करणार नाही.

प्राध्यापकपदाच्या वाटा मात्र वेगळ्या आहेत. तेथे पीएच.डी.नंतर हाबिलिटात्सिओन (प्राध्यापकपदासाठीची डॉक्टरेटनंतरची पात्रता), युनिऑरप्रोफेसुर (मुदतीचे कनिष्ठ प्राध्यापकपद) किंवा त्यांच्या तोडीचे संशोधनकार्य अपेक्षित असते. भारतातील किंवा अन्य देशांतील कामही या तोडीचे धरले जाऊ शकते, पण तो निर्णय निवड समितीचा असतो. उपयोजित विज्ञानांची विद्यापीठे, ज्यांना पूर्वी फाखहोखशूले म्हणत, साधारणतः पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव मागतात आणि त्यांतील किमान तीन वर्षे विद्यापीठाबाहेरची असावी लागतात. रासायनिक कारखान्यात काम केलेल्या पीएच.डी. धारकांनी हा मार्ग अवश्य पाहावा. आपल्याकडे त्याची पुरेशी चर्चा होत नाही.

प्रश्न : मी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. असून सध्या श्टुटगार्टमध्ये राहते. येथील विद्यापीठांना अर्ज करताना नावापुढे ‘डॉ.’ लिहू शकते का?
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : नाही, आणि या बाबतीत सावध राहा. जर्मनीत परदेशी पदवी ज्या रूपात मिळाली त्याच रूपात, पदवी देणाऱ्या विद्यापीठाच्या नावासह लिहावी, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे नावानंतर ‘पीएच.डी., मुंबई विद्यापीठ’ असे लिहावे. युरोपीय संघातील डॉक्टरेटला आणि अमेरिकेसारख्या काही देशांतील पदव्यांना सवलत आहे, भारत त्या यादीत नाही. पदवी अनधिकृतपणे वापरणे हा जर्मन दंडविधानाच्या कलम १३२-अ नुसार गुन्हा असून त्यासाठी दंड किंवा एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. तेथील संशोधनसंस्थांत काम करणाऱ्या काही अमेरिकी पीएच.डी. धारकांची याच कारणावरून पोलिस चौकशी झाली होती, आणि त्या वादानंतर २००८ मध्ये अमेरिकी पदव्यांबाबतचा नियम सैल करण्यात आला. तुमची पदवी यामुळे कमी ठरत नाही. निवड समिती तिला डॉक्टरेट म्हणूनच वाचते. नेमणूक झाल्यानंतर विभागाने संकेतस्थळावर किंवा दारावरील पाटीवर आपणहून ‘डॉ.’ लावले, तर ते लेखी कळवून दुरुस्त करून घ्या आणि त्या पत्राची प्रत स्वतःजवळ ठेवा.