किशोरीताईंचा भूप आणि मामाशी राहून गेलेलं भांडण

प्रश्न असा आहे: "तुमचा सर्वांत आवडता संगीत अल्बम कोणता आणि त्याच्याशी कोणती आठवण जोडलेली आहे? मला शास्त्रीय संगीतातलं काही कळत नाही, सुरुवात कुठून करू? किशोरी आमोणकरांपासून करू नकोस, त्या जड जातात, असं सगळे सांगतात."

हे 'सगळे सांगतात' वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या घरातही हे सांगणारा एक माणूस होता. माझा सख्खा मामा.

माझा अल्बम एकच, भूप आणि बागेश्री या दोन रागांची किशोरीताईंची रेकॉर्ड. आमच्याकडे तिची कॅसेट होती, आईने मडगावच्या बाजारातून आणलेली. भूपात आधी विलंबित, म्हणजे संथ लयीतलं 'प्रथम सूर साधे', मग द्रुत, म्हणजे जलद 'सहेला रे'. कॅसेट उलटली की बागेश्री. एवढंच. मधे निवेदन नाही, काही नाही. तंबोरे सुरू होतात आणि बाई षड्ज, म्हणजे 'सा' लावतात, तिथून पुढे घरातल्या कोणी भांडी आपटली तरी आई डोळे वटारायची.

आईचं माहेर कुर्डी. सांगे तालुक्यातलं ते कुर्डी, साळावली धरणात गेलेलं. १९८०च्या दशकात सगळा गाव उठला, दक्षिण गोव्याला पाणी मिळालं, आणि आमच्या आजोळच्या माणसांना वाडे या गावी प्लॉट मिळाला. काही कुटुंबं वालकिणीला गेली. मे महिन्यात पाणी ओसरलं की जुना गाव वर येतो, सोमेश्वराचं देऊळ मोकळं होतं, तेव्हा माणसं जातात, नारळ ठेवतात, आपापल्या घरांचे चौथरे मुलांना दाखवतात. मोगूबाईंचं घर म्हणूनही एक जागा दाखवतात. मोगूबाई कुर्डीकर, किशोरीताईंच्या आई, १९०४ साली जन्मलेल्या. गाव पाण्याखाली गेला तो नकाशावरून पुसला गेला, पण त्यांच्या नावात राहिला. माझी आजी हे वाक्य दुसऱ्या कोणाला बोलू देत नसे, कारण ते तिचं होतं.

आजीने मोगूबाईंना प्रत्यक्ष किती पाहिलं असेल देव जाणे. मोगूबाई तर लहानपणीच गावाबाहेर पडलेल्या. त्यांच्या दहाव्या वर्षाच्या आसपास त्यांची आई वारली, पुढे नाटक कंपन्या, मग सांगलीत जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या कानावर त्यांचं गाणं पडलं, आणि मग मुंबई. पण आजीच्या तोंडी कायम 'आमची मोगू'.

तर एका वर्षीची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. वाडे गावच्या नव्या घरात सगळे जमलेले. गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी, घुमट-शामेळ या वाद्यांवर आरत्या झालेल्या, पानं उचललेली, खतखत्याचं पातेलं रिकामं. पुरुष मंडळी ओसरीवर पत्ते मांडायच्या तयारीत. आईने टेप आत आणून गणपतीच्या खोलीतच लावली. भूप सुरू झाला. मी तेव्हा शाळेत, मला राग-बिग काही कळत नव्हतं, पण बाईंचा गंधार, म्हणजे 'ग' लागला आणि माझ्या शेजारी बसलेल्या आजीचा हात जपमाळेवर थांबला, हे मला आजही दिसतं. मणी अंगठ्याखाली तसाच.

'प्रथम सूर साधे' अर्ध्यात असताना मामा आत आला आणि त्याने बटण दाबलं. टप्प.

"ही मोगूबाईंची गायकी नव्हे," म्हणाला. "एकेका सुरावर किती वेळ बसायचं ते! आवर्तन कुठं गेलं? जयपूरवाले असे रेंगाळत नाहीत."

मामाला अधिकार होता, हे मी मान्य करते. तो पेटी वाजवायचा, भजनात पुढे असायचा, आणि तरुणपणी गिरगावात नोकरीला असताना त्याने मोगूबाईंना समोर बसून ऐकलं होतं. त्याच्या लेखी ते शेवटचं खरं गाणं. मुलीने आईची विद्या पातळ केली, भावनेच्या नादी लागून घराणं सोडलं, हे त्याचं ठाम मत. आई काही बोलली नाही. थोरल्या भावासमोर ती कधीच बोलली नाही. बोलली ती आजी.

"बंद कित्याक केलें रे? आमच्या मोगूची धूव न्ही ती?" म्हणजे, बंद का केलंस, आमच्या मोगूची मुलगी ना ती?

मामा हसला आणि बाहेर निघून गेला. टेप पुन्हा कोणी लावली नाही. रात्री सगळे आडवे झाल्यावर आईने ती स्वयंपाकघरात नेली, आवाज अगदी बारीक केला, आणि आम्ही तिघींनी पूर्ण ऐकली. भूप, 'सहेला रे', कॅसेट उलटून बागेश्री. 'सहेला रे'त सख्याला बोलावणं आहे: ये, मिळून गाऊ, जन्मोजन्मीची सोबत विसरू नको, या खेपेला भेटलो तर आता ताटातूट नको. आजीला हिंदी येत नव्हतं. तिने अर्थ विचारलाही नाही. पदराने डोळे पुसून एवढंच म्हणाली की पुन्हा लाव.

सकाळी चहाच्या वेळी मामाने आईला न बघता म्हटलं, "तान बरी आहे हं तिची." म्हणजे त्याने ओसरीवरून सगळं ऐकलं होतं.

पुढे मामाचं आणि माझं यावर अनेकदा वाजलं. मी गाणं शिकायला लागले, थोडं वाचलं, पुष्कळ ऐकलं, आणि माझं उत्तर तयार होत गेलं. ते पूर्ण तयार झालं तेव्हा मामा राहिला नव्हता. म्हणून इथे मांडते. तुमच्या 'सगळे सांगतात'वाल्यांनाही ते लागू आहे.

मामाचा पहिला मुद्दा लयीचा. जयपूर-अत्रौली गायकीत बंदिश मांडून त्या लयीतच आवर्तनं, म्हणजे तालाचे फेरे, भरत जातात. सूर सुटा काढून त्याच्यापाशी बसून राहायची पद्धत नाही. खरं आहे. किशोरीताईंनी लय खाली आणली, एकेका सुराजवळ थांबल्या, तो सूर सगळ्या बाजूंनी बघितला. हेही खरं. पण याच भूपाचा उत्तरार्ध ऐका. ती पेचदार तान, म्हणजे सुरांची वेगवान लड, आवर्तनाच्या पोटातून वळणं घेत बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर येणारी, ती कुठून आली? भावनेच्या नादातून अशी तान येत नाही. त्यासाठी आईसमोर वर्षानुवर्षं बसावं लागतं. मामाने ती 'बरी आहे' म्हटली तेव्हाच तो हरला होता. तान मान्य आणि तालीम अमान्य, असं होत नाही.

दुसरा मुद्दा घराणं सोडल्याचा. किशोरीताई फक्त आईकडे शिकल्या नाहीत. आग्र्याचे अन्वर हुसेनखाँ, ग्वाल्हेरचे शरच्चंद्र आरोलकर, आणि भेंडीबाजारच्या अंजनीबाई मालपेकर. हे सगळं मोगूबाईंच्या डोळ्यांदेखत. आईला ते बाटल्यासारखं वाटलं असतं तर त्या काय गप्प बसणाऱ्या होत्या? आणि अंजनीबाई कुठल्या? पेडण्यातल्या मालप्याच्या. म्हणजे त्यांच्याकडून आलेल्या ज्या मींडेला, एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाण्याला, मामा परकी म्हणत होता, ती सांग्याची नसेल तर पेडण्याची. गोव्याबाहेर गेलीच कुठे?

आणि तिसरी गोष्ट मामाला मी तोंडावर कधी म्हटली नाही, वयाचा मान ठेवला. 'मोगूबाई आमच्या' म्हणणं आज फार सोपं आहे. कलावंत, म्हणजे देवळाच्या सेवेतल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांच्या घराण्यातल्या मुलीला विद्येसाठी गाव सोडावा लागला, त्या काळी तिला आपल्या पंगतीला कोणी बसवलं असतं? मैफिलीच्या गावी आईला कशी वागणूक मिळायची, हे किशोरीताईंनी स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. ते बघत वाढलेली मुलगी पुढे प्रत्येक आयोजकाकडून मान वसूल करणारच. लोक तिला तऱ्हेवाईक म्हणाले, हट्टी म्हणाले. श्रोत्यांत कोणी बोललं तर गाणं थांबवायच्या म्हणे. थांबवायलाच हवं. १९७४ साली मोगूबाईंना पद्मभूषण मिळालं आणि २००२ साली किशोरीताईंना पद्मविभूषण, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना एकदम नातं आठवलं. मला तो अभिमान नको असं नाही, मलाही तो आहेच. पण आईचा अभिमान धरायचा आणि त्याच तोंडाने मुलीचं गाणं अर्ध्यात बंद करायचं, हे मला पटत नाही. आजीला घराणी ठाऊक नव्हती, पण तिने दोघींना एकत्र ठेवलं.

आता तुमचा मूळ प्रश्न. सुरुवात कुठून करावी? इथूनच करा. 'जड' हा शब्द विसरा. भूपात सूर किती? पाच. मध्यम नाही, निषाद नाही. सा रे ग प ध, लहान मुलाला पेटीवर पहिल्या दिवशी दाखवतात ते. याहून सोपं शास्त्रीय संगीतात काय असणार? हेच पाच सूर देसकारातही आहेत, फक्त तिथे भर धैवतावर असतो आणि इथे गंधारावर. तेव्हा एकच करा, गंधार कधी येतो याच्यावर कान ठेवा. बाई तिथे कशा पोचतात, कधी वरून उतरतात, कधी खालून अलगद टेकतात, कधी जवळ जाऊनही लावत नाहीत. एवढं कळलं की विलंबित कंटाळवाणं वाटत नाही.

आणि सुटं सुटं ऐकू नका. 'सहेला रे' तेवढं तोडून ऐकणारी माणसं मला भेटतात, "किती गोड" म्हणतात. त्याच्या आधी विलंबिताने जमीन केलेली असते म्हणून ते द्रुत तसं उडतं. शिवाय भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि बागेश्री पुढच्या, मध्यरात्रीकडे झुकणाऱ्या वेळेची. दोन्ही लागोपाठ ऐकलं की रात्र पुढे सरकते. मोबाइलवरच्या मिसळयादीत मधेच भलतंच काही घुसतं, ते बंद करून ठेवा.

दुसरं काही सुचवायचं तर 'मत्स्यगंधा'ची नाट्यपदं. १९६४ सालचं नाटक, दि गोवा हिंदू असोसिएशनचं. संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं, गायला गोव्याचेच रामदास कामत, आणि मूळच्या गोव्याच्या आशालता वाबगावकर. नाट्यसंगीत म्हणजे पुणं-मुंबई असं समजणाऱ्यांनी हे एकदा ऐकावं, मग बोलावं. रोजच्या कामात, स्वयंपाक करताना लावायला मला हेच आवडतं. आणि आमच्या वस्तीत ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे सदैव कोंकणी गायिका लोर्ना लागलेली असायची. १९९५ साली तिचा 'हॅलो लोर्ना' आला तेव्हा तर दिवसभर दुसरं काही नव्हतं. ती कोंकणी गाणी मला आजही पाठ आहेत आणि ती मला तितकीच माझी वाटतात, पण त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं मी माझ्या बाजूने लिहिलंय. मोगूबाईंचं ध्वनिमुद्रण मोजकंच उपलब्ध आहे, आणि मामाने मैफिलीत समोर बसून जे ऐकलं ते मला कधीच ऐकायला मिळणार नाही. लयीच्या बाबतीत मोगूबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं असं जाणकार म्हणतात आणि जे थोडं ऐकलंय त्यावरून मला ते खरं वाटतं. ज्याला लयीचंच वेड आहे, तबला वगैरे शिकलेला आहे, त्याला कदाचित मामाची बाजू पटेल. पटू दे.

रेकॉर्ड प्लेअर वगैरे घ्यायची काही गरज नाही, मोबाइलला बरा स्पीकर जोडला तरी पुरे. फक्त सकाळी लावू नका. सकाळचाच वेळ मिळत असेल तर त्यांचीच आधीची, १९६७ची रेकॉर्ड आहे, तिच्यातला जौनपुरी आणि अल्हैया बिलावल लावा. मोगूबाईंचं जे मिळेल ते नंतर ऐका. आधी ऐकलं की माणूस आमच्या मामासारखा तुलना करत बसतो आणि मुलीचं गाणं ऐकायचं राहून जातं.