सौंदत्तीच्या दगडावर लाटांच्या खुणा आहेत, मग तिथे तेल का नाही?

तुम्ही विचारलंय की यल्लम्माच्या डोंगरावर दगडात दिसलेल्या लहरी समुद्राच्या असतील का, आणि असे थर असूनही आपल्याकडे तेल का सापडत नाही. मी बेळगावचा. भूगर्भशास्त्र शिकून काही वर्षं तेलविहिरींतून वर येणारा चुरा भिंगाखाली बघण्यात घालवली, म्हणून लिहितो.

पुन्हा पौर्णिमेला गेलात तर त्या लहरींवरून बोट फिरवा. दोन्हीकडचा उतार सारखा लागला तर पाणी लाटांनी मागंपुढं झुलत होतं. एक बाजू उभी आणि दुसरी सपाटसर असेल तर ते एकाच दिशेनं वाहत होतं. मी पाहिलेल्या फरशीवर उतार सारखे होते. म्हणजे उथळ पाणी, शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचं.

आता आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला उतरा. काठाला वाळू, आत गेलं की गाळ, आणि जिथं नदीचा गढूळपणा पोचत नाही तिथं चुना साचतो. समुद्र जमिनीवर चढू लागला की ही सगळी रांगच जमिनीकडं सरकते: कालच्या वाळूवर आज गाळ, गाळावर उद्या चुना. ओसरला की उलट. शेजारी-शेजारी साचलेलं असं एकावर एक येतं, हे जर्मन भूवैज्ञानिक योहानेस वाल्थर यांनी 1894 मध्ये मांडलं. सौंदत्तीचा दगड ज्या थरांतला, त्या कलादगी खडकांतही खाली गोटे, त्यावर सौंदत्तीचा क्वार्ट्झाइट (वाळूचा घट्ट झालेला दगड), मग शेल (गाळाचा दगड) आणि डोलोमाइट (चुनखडकाचा भाऊबंद) असा क्रम भेटतो. पाणी चढतं-उतरतं ते कधी तळ खचल्यानं, कधी हिमयुगांमुळं. 20,000 वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता.

तेलाला हीच उतरंड लागते: खाली भोकं असलेला खडक, वर न झिरपणारा शेल. मुंबई हाय (1974 चा शोध) घ्या. तिथं चुनखडकाच्या थरांमध्ये शेलच्या पट्ट्या आहेत. समुद्र ओसरला तेव्हा उघड्या पडलेल्या चुनखडकात पावसाचं पाणी मुरलं, दगड विरघळला, जागा झाली. तेल नंतर येऊन त्या जागेत बसलं. ओहोटीनं कोठार खणलं आणि भरतीनं त्यावर झाकण घातलं, असं म्हणा हवं तर.

सौंदत्तीला उतरंड आहे, जागा नाही. त्या दगडावर हातोडी मारून बघा (देवळाजवळ नको, पुजारी रागावतील). साधा वालुकाश्म कणांच्या कडेनं फुटतो, हा कणांच्या आरपार फुटतो, कारण मधल्या फटी सिलिकेनं, म्हणजे वाळूच्याच द्रव्यानं, केव्हाच भरून टाकल्यात. शिवाय त्या काळी समुद्रात होते बहुतेक सूक्ष्मजीवच. तेवढ्यावरही जगात काही ठिकाणी तेल झालंय, पण इथं ते साठायला दगडच मोकळा राहिला नाही. त्या पट्ट्यात बोअर मारणाऱ्याला विचारा, तो दगडाकडं बघत नाही, भेग कुठं आहे ते शोधतो. पाणी लागलं तर तिथंच लागतं.